एक तास दिवे बंद आणि जिन्यातल्या 22 ट्यूबलाइट

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातली 28 फ्लॅटची सोसायटी. खाली पार्किंग, वर चार मजले, एक लिफ्ट, तळमजल्यावर मीटर रूम. 19 फ्लॅटमध्ये मालक राहतात, 9 भाड्याने दिलेले. रहिवाशांची ओळख पटेल असे सगळे तपशील इथे वगळले आहेत.

दिवे बंद ठेवण्याची मोहीम नागपूरकरांना नवी नाही. जगभर ‘अर्थ अवर’ 2007 साली सिडनीतून सुरू झाला. नागपुरात महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही पर्यावरण संस्था पौर्णिमा दिवस पाळतात. पौर्णिमेच्या रात्री 8 ते 9 या वेळेत अनावश्यक दिवे बंद ठेवा, असे आवाहन चौकाचौकातल्या दुकानदारांना आणि घरांना केले जाते. ही कल्पना माजी महापौर अनिल सोले यांची. 22 मार्च 2025 चा अर्थ अवर झाल्यावर या सोसायटीच्या सचिवांनी सुचवले की आपणही दर पौर्णिमेला तासभर अंधार पाळू.

बैठकीत लगेच दोन बाजू पडल्या. एका बाजूचे म्हणणे, मुलांना सवय लागेल, बिलही कमी येईल. दुसरी बाजू म्हणत होती, आता घरोघरी एलईडी आहेत, त्यात वाचणार काय? दोन्ही बाजूंकडे आकडा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे एक रहिवासी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाले. त्यांनी मधला मार्ग काढला: पाळायचेच आहे तर मोजून पाळू. पुढे जे काही घडले ते या एका वाक्यामुळे.

पहिला प्रयोग: आकडा उलटा आला

12 एप्रिल 2025, शनिवार, चैत्र पौर्णिमा. 19 घरांनी 8 ते 9 दिवे बंद ठेवले. मीटर रूममध्ये 8 वाजता आणि 9 वाजता सगळ्या 28 मीटरचे रीडिंग लिहिले. आदल्या दिवशी, शुक्रवारी, याच वेळेचे रीडिंगही घेऊन ठेवले होते. शुक्रवारी तासाभरात 13 युनिट. शनिवारी, अंधार पाळून, 15.

दिवे बंद करूनही वीज जास्त कशी लागली यावर बरीच चर्चा झाली. कारण मोजण्याच्या पद्धतीत होते. त्या मीटरच्या पडद्यावर पूर्ण युनिटच दिसते, दशांश नाही. एखाद्या घरात तासाला अर्धे युनिट लागत असेल तर पडद्यावरचा आकडा कधी एकने सरकतो, कधी जागचा हलत नाही. अशा 28 मीटरची बेरीज केली की दोन-तीन युनिटांची चूक सहज होते. मोजायची बचत त्याहून लहान होती. शिवाय शनिवारी कूलर जास्त घरांत चालू होते. एका तासाचा परिणाम युनिटच्या रीडिंगवरून शोधणे म्हणजे वाण्याच्या पोत्याच्या काट्यावर वेलची तोलणे.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. 19 पैकी 14 घरांनी मेणबत्त्या लावल्या होत्या. साधी मेणबत्ती तासाला 6-7 ग्रॅम मेण जाळते आणि त्यातून 20 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 9 वॅटचा एलईडी बल्ब तासभर चालला तर, आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरून, 6-7 ग्रॅम. म्हणजे बल्ब विझवून मेणबत्ती लावली की हवेचे नुकसान तिपटीने वाढते. त्यात कूलरच्या झोताने उडणारे पडदे आणि खाली पेटती मेणबत्ती हा धोका वेगळाच. पुढच्या वेळी मेणबत्ती नाही, खिडक्या उघडा, लागली तर मोबाइलची बॅटरी, असा नियम झाला.

दुसरा प्रयोग: लाल दिव्याची उघडझाप

पुढची पौर्णिमा वैशाखी, 12 मे. सोसायटीत काही बौद्ध कुटुंबे आहेत. बुद्ध पौर्णिमेला घरावर रोषणाई, संध्याकाळी वंदना. नागपुरात त्या दिवशी कुणाला दिवे बंद करा म्हणणे योग्य नव्हते, हे समितीला वेळीच उमगले आणि मोजणीसाठी 26 एप्रिलचा साधा शनिवार निवडला. हा निर्णय मोजणीच्या दृष्टीनेही बरोबर ठरला, कारण सणाच्या दिवशीचा वापर रोजच्यासारखा नसतो.

या वेळी पद्धत बदलली. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरवर छापलेले असते की किती उघडझापींना एक युनिट. इथल्या सगळ्या मीटरवर 3200 होते. (काही मीटरवर 1600 किंवा 6400 असते, आधी वाचून घ्यावे.) 3200 असेल तर हिशेब सोपा आहे: एका मिनिटातल्या उघडझापी मोजा, 18.75 ने गुणा, त्या क्षणी घर किती वॅट ओढते आहे ते कळते. मिनिटाला 16 म्हणजे 300 वॅट, 53 म्हणजे जवळपास एक किलोवॅट. मीटरला हात लावायचा नाही, सीलला तर नाहीच. समोर उभे राहून फक्त मोजायचे.

दोघा-दोघांच्या तीन जोड्या केल्या. एकाने घड्याळ पाहायचे, दुसऱ्याने मोजायचे. पाचवी ते नववीची मुले यात मोठ्यांपेक्षा सरस निघाली, नजर हलू न देता मोजत होती. 28 मीटरची एक फेरी 12 मिनिटांत व्हायची. अशा चार फेऱ्या: 7.45, 8.15, 8.45 आणि 9.15.

पावणेआठला सगळी घरे मिळून 15.4 किलोवॅट ओढत होती. सव्वाआठला, 21 घरांतले दिवे बंद असताना, 14.1. पावणेनऊला जवळपास तेवढेच. सव्वानऊला दिवे परत लागले, बेडरूममधले एसी सुरू झाले आणि आकडा 16.2 वर गेला.

एक किलोवॅट तासभर ओढला की एक युनिट, म्हणजे 21 घरांनी तासभर अंधार पाळून वाचवले 1.3 युनिट. घरामागे 62 वॅट. दोन एलईडी ट्यूब आणि दोन-तीन बल्ब यांची बेरीज तेवढीच भरते. पैशांत सगळ्या इमारतीचे मिळून 15 रुपयांच्या आसपास. वर्षाच्या बाराही पौर्णिमा पाळल्या तरी 15-16 युनिट. तुलनेसाठी: हॉलमधला एक जुना 75 वॅटचा पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला आणि तो दिवसाला 12 तास, वर्षातले 300 दिवस चालला, तर 162 युनिट वाचतात. एका घरातला एक पंखा सगळ्या इमारतीच्या वर्षभराच्या अंधाराच्या दहापट.

ग्रिडच्या बाजूने पाहिले तरी तासाभराच्या अंधाराने नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रातल्या 660 मेगावॅटच्या संचाचा कोळसा त्या प्रमाणात वाचत नाही. बॉयलर तासाभरासाठी विझवून पुन्हा पेटवता येत नाही. मागणी घसरली की संच थोडे खाली आणतात, मागणी परतली की वर चढवतात. 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता 9 मिनिटे देशभर दिवे बंद झाले, तेव्हा 12-13 हजार मेगावॅट घट होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात 31 हजार मेगावॅटहून जास्त झाली. ती सांभाळायला जलविद्युत संच आधीच तयार ठेवावे लागले होते. दिव्यांची एकत्रित ताकद मोठी आहे, हे त्या रात्री दिसले. पण मिनिटांचा किंवा तासाचा खंड आणि रोजची बचत या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थ अवरचे आयोजकही त्या तासाला प्रतीकच म्हणतात, वीजबचतीचा दावा करत नाहीत.

दिवे बंद असताना जे चालू होते

खरा फायदा 8.15 च्या फेरीतून झाला. दिवे गेल्यावर उरलेला भार उघडा पडला.

पहिली गोष्ट, कॉमन मीटर. वृद्ध रहिवाशांना जिन्यात अडचण नको म्हणून जिना आणि पार्किंगचे दिवे चालूच ठेवले होते, आणि ते बरोबरच होते. पण तिथे 22 जुन्या 40 वॅटच्या ट्यूबलाइट, तांब्याच्या चोकवाल्या. चोक धरून प्रत्येकी 55 वॅट, एकूण 1,210 वॅट. 21 घरे अंधारात बसून जेवढी वीज वाचवत होती, जवळपास तेवढीच जिन्यात जळत होती. तीही रोज, 12-12 तास.

दुसरी गोष्ट, एक कुलूपबंद फ्लॅट. कुटुंब लग्नासाठी अमरावतीला गेलेले. चारही फेऱ्यांत मिनिटाला 8 उघडझापी, म्हणजे 150 वॅट. फ्रीजचा कॉम्प्रेसर अधूनमधून थांबला पाहिजे, हा दीड तासात एकदाही थांबला नव्हता. कुटुंब परतल्यावर पाहिले तर दाराचे रबरी गॅस्केट खालच्या कोपऱ्यात फाटलेले, मागची जाळी भिंतीला चिकटलेली, थर्मोस्टॅट 7 वर. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावले तर ती अलगद बाहेर येत होती. दिवसाला 3.6 युनिट, महिन्याला 108. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपर्यंत एक दर आणि 101 ते 300 ला जवळपास दुप्पट. या घराचा स्वस्त टप्पा एकटा फ्रीजच खाऊन टाकत होता.

तिसरी, पंप. 3 एचपीचा पंप संध्याकाळी 7 ला सुरू व्हायचा आणि गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज आला की चौकीदार बंद करायचा. वेळ बदलता येईल का विचारल्यावर तो म्हणाला, “नळ तं संध्याकाळीच येते ना साहेब, मंग पंपही तेव्हाच लागते.” खालची टाकी मात्र दिवसभर पुरेल एवढी मोठी होती. संध्याकाळची वेळ ही फक्त सवय होती.

पर्याय

मेच्या बैठकीत चार पर्याय समोर होते. पहिला, दर पौर्णिमेचा अंधार तसाच चालू ठेवायचा. दुसरा, तो बंद करून पैसा उपकरणांवर घालायचा. तिसरा, अंधाराचा तास ठेवायचा पण मोजणीसाठी, वर्षातून मोजक्या वेळा. चौथा, गच्चीवर सोलर. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे.

सोलरला विरोध नव्हता, पण आधी भार कमी करू आणि मग किती किलोवॅट लागतात ते ठरवू, असे ठरले. हा क्रम महत्त्वाचा आहे. 22 जुन्या ट्यूब जळत असताना सोलरचा आकार ठरवला असता, तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्यावे लागले असते.

वाद झाला तो पहिल्या पर्यायावर. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काकूंचे म्हणणे होते की युनिट किती वाचले याहून मुले स्वतःहून बटण बंद करायला लागली, हे मोठे आहे. ते खरे होते. पण तेवढेच खरे हेही होते की एका घरात त्या रात्री दिवे बंद ठेवून नंतर एसी 18 वर लावला गेला. आपला वाटा उचलून झाला, ही भावना मोठ्या वापराकडे पाहू देत नाही. शेवटी दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र केला.

आणखी एक गाठ इथे सोडवावी लागली. 26 एप्रिलचे आकडे फ्लॅट नंबरसह नोटीस बोर्डावर लागले होते. एसीवाल्या एका रहिवाशांना ते अजिबात आवडले नाही. त्यांची हरकत रास्त होती. घर कधी रिकामे असते हेही त्या आकड्यांवरून कळू शकते. तेव्हापासून बोर्डावर फक्त इमारतीची बेरीज लागते आणि घराचा आकडा चिठ्ठीवर त्या घरालाच मिळतो.

काय केले

जिना आणि पार्किंग. जुन्या पट्ट्या तशाच ठेवून 22 एलईडी ट्यूब, प्रत्येकी 18 वॅट. इलेक्ट्रिशियनने घाईत 6 पट्ट्यांमधला चोक तसाच ठेवला. दहा दिवसांत दोन ट्यूब गेल्या. अशा ट्यूबला स्टार्टर काढून चोक बायपास करावाच लागतो, नाहीतर चोक स्वतः वीज खातो आणि ट्यूबच्या आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला हवी तेवढी वीज देणाऱ्या सर्किटवर, ताण येतो.

सेन्सर. जिन्यातल्या 10 ट्यूबना शरीराच्या उष्णतेवर चालणारे पीआयआर सेन्सर लावले आणि मेच्या मध्यात ते जवळपास निकामी ठरले. माणूस समोरून गेला तरी दिवा लागेना. पीआयआर माणूस आणि आजूबाजूची भिंत यांच्या तापमानातला फरक ओळखतो. नागपूरच्या मेमध्ये रात्री नऊलाही जिन्याच्या भिंती अंगाएवढ्या तापलेल्या, मग फरक उरतोच कुठे? ते बदलून मायक्रोवेव्ह रडार सेन्सर घेतले. ते उष्णतेवर अवलंबून नसतात, पण लाकडी दारापलीकडची हालचालही पकडतात. पहिल्या रात्री लोक घरात फिरले की जिना उजळत होता. सेन्सरवरच्या स्क्रूने टप्पा कमी केल्यावर ठीक झाले. उष्ण गावात सेन्सर घेताना हे आधी विचारून घ्यावे. डब्यावर लिहिलेले नसते.

पंप. वरच्या टाकीत पूर्ण भरल्याचा आणि खालच्या टाकीत रिकामी झाल्याचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारे बटण), त्याला पंप चालू-बंद करणारा लेव्हल कंट्रोलर. स्टीलच्या सळ्यांचे प्रोब स्वस्त होते, पण पाण्यातले क्षार त्यावर बसतात आणि पंप बंदच होत नाही. वेळ सकाळी 10 नंतरची केली. ओसंडून जाणारी अर्ध्या तासाची वीज वाचली, दिवसाला 1.4 युनिट.

घरे. 13 घरांनी एकत्र 34 बीएलडीसी पंखे घेतले. हे पंखे जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात, रेग्युलेटर काढून सरळ जोडायचे. दोन घरांनी तो ठेवला तर पंखा गुणगुणायला लागला. फ्रीजवाल्या घराने गॅस्केट बदलले, फ्रीज भिंतीपासून चार इंच पुढे घेतला, थर्मोस्टॅट 4 वर आणला. पुढच्या मोजणीत दिवसाचा वापर 1.6 युनिट निघाला. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी 12 वॅटच्या आसपास खातच राहतो, म्हणून तो भिंतीवरच्या बटणानेच बंद करायचा, ही सूचना मुलांनी दारोदार जाऊन दिली. एसीवाल्यांना 24 ते 26 वर ठेवून सोबत पंखा लावायला सांगितले. एक अंश वर नेला की साधारण 6 टक्के बचत होते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते.

निकाल

कॉमन मीटरचे मार्चचे बिल 810 युनिटचे होते, नोव्हेंबरचे 440. ट्यूब, सेन्सर, कंट्रोलर आणि मजुरी मिळून खर्च 17,500 रुपये. युनिटला 11 रुपये धरले तरी महिन्याला 4,000 रुपये वाचतात, म्हणजे पाच महिन्यांच्या आत वसूल.

घरांचा निकाल इतका स्वच्छ नाही. नागपुरात मे आणि सप्टेंबरच्या बिलांची तुलना करणे चुकीचे, कूलर आणि एसी सगळा हिशेब झाकून टाकतात. म्हणून बिलावरच्या आलेखातून मागच्या वर्षीचा तोच महिना पाहिला. पंखे बदललेल्या घरांत महिन्याला 25 ते 30 युनिट कमी झाले. दोन-तीन पंखे रोज आठेक तास चालतात असे धरले तर हिशेबही तेवढाच येतो. त्यातली चार घरे 100 युनिटांच्या आत आली.

पौर्णिमेच्या अंधाराचा उत्साह मात्र ओसरला. 26 एप्रिलला 21 घरे होती, 10 जूनच्या वटपौर्णिमेला 11.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या रात्रीआधी आठवडाभर त्याच वेळेच्या उघडझापी मोजून ठेवायला हव्या होत्या. नुसत्या एका आदल्या दिवसाशी केलेली तुलना लंगडी होती आणि त्या उलट्या आकड्यामुळे काही जणांचा विश्वास उडाला तो उडालाच. आकडे बोर्डावर लावण्याआधी परवानगी घ्यायला हवी होती. सेन्सर आधी एका मजल्यावर लावून आठवडाभर पाहिला असता तर दहा बदलावे लागले नसते.

भाडेकरूंचा प्रश्न अजून सुटलेला नाही. 9 पैकी एकाच भाडेकरूने पंखे घेतले. पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचे, आणि अकरा महिन्यांच्या करारात भाडेकरू पैसे घालणार नाही. सोसायटीने पंखे घेऊन भाडेकरूच्या मेंटेनन्समधून हप्त्याने रक्कम घ्यावी, असा प्रस्ताव आहे. मालकांच्या सह्या बाकी आहेत.

दिवे बंद करण्याची रात्र आता वर्षातून एकच ठरली आहे, कोजागरी. त्या रात्री सगळे गच्चीवर दुधासाठी जमतात, घरे खरोखर रिकामी असतात आणि दिव्यांबरोबर पंखे-टीव्हीही बंद असतात. 6 ऑक्टोबरला रात्री साडेनऊला दोन जोड्या खाली जाऊन मोजून आल्या: 28 घरे मिळून 3.9 किलोवॅट. फ्रीज, राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर यांचा हा भार, घरामागे साधारण 140 वॅट. एका घराच्या मीटरवर मात्र मिनिटाला 12 उघडझापी होत्या, 225 वॅट. फ्रीज तपासला, तो ठीक होता. इन्व्हर्टरची सहा वर्षे जुनी बॅटरी चार्ज होऊन थांबतच नव्हती. डिस्टिल्ड वॉटर भरून पाहिले, फरक पडला नाही. दिवाळीआधी बॅटरी बदलली आणि पुन्हा मोजले तेव्हा मिनिटाला 7 भरल्या.